शेपटी बदला, पोटाला हात लावू नका

मंडळी, गणेशोत्सवाच्या आदल्या शनिवारी मंडळाचे ढोल, ताशे, मखराच्या चौकटी आणि घडीची टेबलं गोदामातून शाळेच्या सभागृहात न्यायची वेळ आली, की कार्यकारिणीला एकदम माझी आठवण होते. माझी म्हणजे माझ्या डिझेल पिकअप ट्रकची. "सॉफ्टवेअरवाल्याला एवढं धूड हवंय कशाला?" असं वर्षभर विचारणारे स्नेहीही त्या दिवशी माझ्याशी फार प्रेमाने वागतात. (हे धूड उन्हाळ्यात आमचा कँपर ओढतं, एवढंच माझं उत्तर.)

गेल्या वर्षी हा ट्रक भलताच खडखडू लागला. खाली वाकून पाहिलं, तर मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने सायलेन्सरच्या सांध्यापाशी बोट जाईल एवढं भोक पाडलं होतं. पुण्यात आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला इथे मफलर म्हणतात. मफलर खराब झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, मग नवा विणायला सांग आईला!"

ट्रक गॅरेजमध्ये नेला. तिथल्या मेकॅनिकने दोन-तीन पर्याय सांगितले आणि शेवटी आवाज खाली आणून आणखी एक सांगितला. फिल्टर, कॅटॅलिस्ट, ती युरियाची भानगड, सगळं काढून टाकायचं आणि इंजिनापासून मागेपर्यंत सरळ पाच इंची नळी टाकायची. ताकद वाढेल, मायलेज वाढेल, आणि आपल्या राज्यात दरवर्षी धूर तपासतोय कोण? खोटं कशाला बोलू, एक रात्र मलाही मोह झाला. माझी पीएच.डी. द्रवगतिकीतली असली तरी पोट भरतं सॉफ्टवेअरवर. त्या निमित्ताने बऱ्याच वर्षांनी जुनी पुस्तकं काढली. त्यातून जे उमगलं ते, आपल्यापैकी ज्यांच्या दारात असा ट्रक उभा आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आता ती नुसती नळी नाही

आपल्या लहानपणच्या ट्रकचं धुराडं म्हणजे एक नळी आणि एक डबा. अमेरिकेत २००७ सालच्या मॉडेलपासून डिझेलच्या काजळीवर आणि २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर फार कडक मर्यादा आल्या. तेव्हापासून ट्रकच्या पोटाखाली एक छोटा रासायनिक कारखानाच बसला आहे.

त्यात तीन मुख्य खाती आहेत. पहिलं ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट. ते न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळतं. दुसरं काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. चिनीमातीसारख्या पदार्थाच्या मधाच्या पोळ्यात काजळी अडकते आणि पोळं भरत आलं की इंजिनाचा संगणक जादा इंधन सोडून तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसवर नेतो आणि ती जाळून टाकतो. तिसरं खातं युरियाचं. आमच्या गावाकडे उसाला घालतात तोच युरिया, पण अतिशय शुद्ध, ३२.५ टक्के, बाकी पाणी. तो तापलेल्या वायूत फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि पाणी करतो.

या खात्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. काहींत फिल्टर आधी आणि युरिया नंतर, काहींत उलट. म्हणून दुकानदार "डीपीएफ-बॅक", म्हणजे फिल्टरच्या मागचा संच, असं म्हणाला तरी आपल्या ट्रकमध्ये फिल्टरच्या मागे आणखी काही आहे का, ते बघून घ्यावं. नियम सोपा आहे: शेवटच्या खात्यानंतर आणि शेवटच्या सेन्सरनंतर जे उरतं ती शेपटी. ती आपली. त्याच्या पुढचं सगळं ट्रकचं पोट. त्याला हात लावायचा नाही. २००७ नंतरच्या ट्रकसाठी कोणी "टर्बो-बॅक" संच विकत असेल, तर तो पोटच कापायला सांगतो आहे हे ओळखावं.

चार इंच की पाच इंच?

आता पुस्तकातली गोष्ट. नळीतून तेवढाच वायू तेवढ्याच वेगाने इंजिनातून येत असेल, तर घर्षणामुळे होणारा दाबाचा ऱ्हास व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने कमी होतो. चाराच्या जागी पाच इंची नळी घातली की त्या नळीतला ऱ्हास जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. जाहिरातवाले इथेच थांबतात.

पण तो ऱ्हास मुळात होता किती? वायूला खरा अडथळा होतो तो टर्बोत, फिल्टरच्या बारीक पोळ्यात आणि कॅटॅलिस्टमध्ये. शेपटीचा वाटा लहान, आणि लहान वाट्याचे दोन तृतीयांश वाचवून ट्रक विमानासारखा उडत नाही. कारखान्याच्या मूळ ताकदीवर चालणाऱ्या ट्रकला चार इंच पुरतात. पाच इंच घ्यायचे तर आवाजासाठी किंवा दिसण्यासाठी घ्यावेत, ताकदीसाठी नव्हे.

व्यासापेक्षा वळणांकडे लक्ष द्या. स्वस्त नळ्या दाबून वाकवतात, त्यामुळे वळणावर त्या चेपतात. चांगल्या नळ्या आत साचा घालून वाकवतात. त्यांना मँड्रेल-बेंट म्हणतात आणि वळणावरही त्यांचा व्यास तोच राहतो. पाच इंच म्हणून घेतलेली नळी वळणावर चेपलेली असेल तर जादा पैसे कशाला मोजले?

मीठ आणि धातू

आमच्यासारख्या बर्फाळ राज्यांत खरा प्रश्न धातूचा आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं साधं पोलाद. मुलामा शाबूत आहे तोवर ठीक, पण वेल्डिंगपाशी तो जळतो आणि गंज तिथूनच शिरतो. त्यावरचं ४०९ जातीचं स्टेनलेस. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं. ते वरून तांबूस होतं, पण सहसा लवकर सडत नाही. सगळ्यात वरचं ३०४ जातीचं. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणजे जवळपास आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांची जात. खिशात लोहचुंबक ठेवावा: ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही.

ॲरिझोना-टेक्सासच्या मंडळींना मुलाम्याचं पोलाद बरीच वर्षं पुरेल. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककरांनी ट्रक पाचेक वर्षांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर निदान ४०९ घ्यावं.

आवाजाचं गणित

आठ सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १२० स्फोट होतात. सहा सिलिंडरांचं असेल तर ९०. हाच तो खर्जातला घुमारा. नळीची लांबी आणि केबिनची पोकळी त्याच्याशी जुळली, की हायवेवर तासन्‌तास कानात बंद खोलीतल्या ढोलासारखं घुमत राहतं. दुकानात दोन मिनिटं ऐकताना हे कळत नाही. तिथे फार तर एक्सलरेटर दाबून दाखवतात. तोच संच बसवलेला ट्रक ताशी ६५ मैलांवर, शक्य असल्यास ट्रेलर जोडून, वीस मिनिटं चालवून बघावा. सौ. आणि मुलं मागच्या सीटवर असावीत. खरा निकाल तीच देतात. मी सायलेन्सर असलेलाच संच घेतला.

आणखी एक. अशा बऱ्याच ट्रकच्या मूळ शेपटीच्या टोकाला फटी किंवा भोकं असतात. ती शोभेची नाहीत. काजळी जाळताना बाहेर पडणारा वायू फार तापलेला असतो. त्यात बाहेरची हवा ओढून तो थंड करायची ती सोय आहे. नव्या संचात ती नसेल तर वाळलेल्या गवतावर ट्रक उभा करताना दुप्पट काळजी घ्या.

त्या मोहाचं काय झालं?

पोट कापलं तर ताकद वाढते का? नळीने थोडी, बरीचशी वाढते ती त्याबरोबर संगणकात घालतात त्या बदललेल्या प्रोग्रॅममुळे. सेन्सर काय सांगताहेत ते न ऐकण्याचा हुकूम असतो तो. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन कळायला हवं होतं.

कायदा स्पष्ट आहे. १९९० साली क्लीन एअर ॲक्टमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ही यंत्रणा काढण्याची बंदी गॅरेजवाल्यांप्रमाणेच गाडीच्या मालकालाही लागू झाली. खोक्यावर "फक्त शर्यतीसाठी" अशी चिठ्ठी असली म्हणून रस्त्यावर धावणारा ट्रक कायदेशीर होत नाही. उलट शेपटी बदलली एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार बिघाड त्या भागामुळेच झाला हे तिला दाखवावं लागतं. पोट कापलं असेल तर ते दाखवणं तिला फारच सोपं जातं.

आमच्या एका स्नेह्यांनी जुना ट्रक स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. दोन वर्षांनी बदलायला गेले तेव्हा कळलं, की फिल्टरच्या डब्याच्या आत फिल्टरच नाही. डीलरने ट्रक घ्यायला नकार दिला आणि सगळं पुन्हा बसवायला हजारो डॉलर गेले. जुना ट्रक घेताना शेपटीच्या आत बोट फिरवून पाहा. फिल्टर धड असेल तर बोटाला काळी काजळी लागत नाही.

२०२० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हणजे ईपीएने अंदाज प्रसिद्ध केला: त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशी काढली गेली, आणि हवेवर त्याचा परिणाम रस्त्यावर सुमारे ९० लाख जादा ट्रक आल्यासारखा आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे.

पण माझा निर्णय या आकड्यांनी झाला नाही. त्या रात्री डोळ्यांसमोर आलं ते सभागृहाचं मागचं दार. शनिवारी ट्रक मागे घेत तिथे लावतो, सामान उतरेपर्यंत इंजिन बरेचदा चालूच असतं, आणि ढोलपथकातली आठ-दहा वर्षांची पोरं आपापला ढोल ओळखायला नेमकी त्या नळीपाशी गर्दी करतात. नळीचं तोंड त्यांच्या छातीच्या उंचीच्या जरा खाली. त्यात माझी मुलगीही असते. आपल्या राज्यात तपासतोय कोण, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

दुसऱ्या दिवशी चार इंची, ४०९ स्टेनलेसची, मँड्रेल-बेंट शेपटी मागवली. मागवताना ट्रकचं साल, इंजिन, केबिनचा प्रकार आणि मागच्या हौद्याची लांबी कळवली, कारण या चारांपैकी एक चुकलं तरी नळी बसत नाही. वेल्डिंगऐवजी पट्ट्यांच्या क्लॅम्पची जोडणी घेतली, म्हणजे पुढे एखादा तुकडा सडला तर तेवढाच बदलता येईल. मूळ रबरी हँगर मजबूत होते, ते तसेच ठेवले. मायलेज पूर्वीइतकंच आहे, खडखड गेली.

आणि एक सवय बदलली. आता सभागृहाच्या दाराशी ट्रक लागला, की सामानाला हात लावायच्या आधी मी किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. त्याला एक पैसाही लागत नाही. तुमच्याकडे ट्रक नसला तरी तुमच्या गाडीलाही हे लागू आहे.