ओठावरचा काळा डाग आणि डॉक्टरांचं भिंग



मागे एका गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, सगळ्या उठल्या. एक काकू मात्र मागे थांबल्या. तोंडावरचा पदर बाजूला करून त्यांनी खालचा ओठ दाखवला. मसुराच्या डाळीएवढा काळपट डाग. "वर्ष झालं ताई. डॉक्टर कापतील म्हणून घरात बोलले नाही." मिश्री लावायची जुनी सवय, म्हणून मनात कॅन्सरचीच भीती.

आम्ही दोघी जिल्ह्याला कातडीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी ना कापलं, ना टोचलं. हातात मावेल एवढं, लाइट असलेलं एक भिंग ओठासमोर धरलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात.

ओल्या ओठावर उजेड पडला की तो चमकतो आणि खालचं काही दिसत नाही. हे भिंग ती चमक अडवतं आणि डाग साधारण 10 पट मोठा दाखवतं. मग रंग कसा पसरलाय ते कळतं. एकाच तपकिरी रंगाचे ठिपके, गोल किंवा शेजारी शेजारी ओढल्यासारख्या रेषा दिसल्या, तर डाग बहुतेक साधा असतो. पण रेषा नाही, ठिपका नाही, नुसताच रंग, आणि त्यात निळा, राखाडी, पांढरा मिसळलेला असेल तर डॉक्टर सावध होतात. तेव्हा जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला काढतात. पक्कं निदान त्या तुकड्यावरच होतं. भिंगाचा उपयोग इतकाच, की कुणाचा तुकडा काढायचा नि कुणाचा नाही हे ठरवायला मदत होते.

तोंडातला प्रत्येक काळा डाग वाईट नसतो बरं का. आपल्याकडे कितीतरी जणींच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. दातात चांदी भरली असेल तर शेजारची हिरडी निळसर होऊ शकते. काही औषधांनी, तंबाखूनेही डाग पडतात. काळ्या डागाचा कॅन्सर, मेलॅनोमा, तोंडात क्वचितच होतो. पण होतो तेव्हा बहुतेकदा टाळूला किंवा वरच्या हिरडीला, जिथे आपण आरशात कधी बघतच नाही. हे भिंगही तोंडात फार आत पोचत नाही. म्हणून डाग नवीन असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर आधी दाखवा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि मिश्रीचं लपवू नका. (मॅडमनी विचारलं तेव्हा काकू आधी "नाही" म्हणाल्या होत्या!)

काकूंच्या ओठावरच्या रेषा एकसारख्या तपकिरी निघाल्या. मॅडमनी फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी परत बोलावलं. पण टॉर्च लावून बाकीचं तोंड बघताना गालाच्या आत, मिश्री ठेवतात तिथेच, पांढरा चट्टा दिसला. काकूंना तो माहीतच नव्हता, कारण तो दुखत नव्हता. तुकडा काढला तो त्या चट्ट्याचा. मिश्री-तंबाखूचा धोका असाच पांढऱ्या-लाल चट्ट्यातून किंवा दोन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेतून पुढे येतो.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला. पण मिश्री बंद, आणि चट्ट्याची तपासणी चालू राहणार. डबा सध्या सुनेच्या ताब्यात आहे. काकू रोज मागतात, ती देत नाही.