ऑपरेशनआधी पुन्हा पुन्हा नाव का विचारतात?

ऑपरेशनसाठी आत नेताना सिस्टर नाव विचारतात. थोड्या वेळाने डॉक्टरही तेच विचारतात. "पेपरवर लिहिलंय ना!" म्हणून आपण वैतागतो. पण हा प्रश्न आपल्याच जिवासाठी असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. मराठी कुटुंबात जन्मलेले अमेरिकेतील सर्जन डॉ. अतुल गावंडे या कामाचे प्रमुख होते. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी, अशा तीन वेळा थांबून ही यादी मोठ्याने तपासायची. पेशंट तोच आहे ना? ऑपरेशन कोणत्या बाजूचे? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? शेवटी गॉज, सुया आणि हत्यारे मोजली का?

दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत याचा अभ्यास झाला. यादी येण्याआधीचे ३,७३३ आणि नंतरचे ३,९५५ पेशंट पाहिले. हजारात साधारण १५ मृत्यू होत होते, ते ८ वर आले. गंभीर त्रास शंभरात ११ जणांना होत होता, तो ७ जणांवर आला. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे २०१४ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र यादीमुळे मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. नुसत्या खुणा करून कागद भरला तर उपयोग नाही, असे अनेक तज्ज्ञांनी तेव्हा बजावले. प्रश्न मनापासून विचारला गेला पाहिजे आणि उत्तरही खरे मिळाले पाहिजे.

ते उत्तर आपल्याकडे असते. म्हणून नाव, ऑपरेशन कशाचे आणि कोणत्या बाजूचे, हे स्वतः सांगू या. बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे औषध, दमा, दारू-तंबाखू, शेवटचे कधी खाल्ले, यातले काहीही लाजून लपवू नये. जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत सोबत न्यावीत. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी ते मराठीत समजावून मागावे.

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर आपल्या आयाबाया गप्प होतात. साहेब रागावतील, अशी भीती वाटते. पण विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे; तो पेशंटचा हक्क आहे.