वरणाचें पातेलें आणि वजनांचा व्यायाम

हल्लीं ज्या घरांत अठरा-वीस वर्षांचा तरुण आहे, त्या घरच्या स्वयंपाकघरांतील फळीवर एक मोठा काळा डबा येऊन बसलेला आढळतो. चिरंजीव संध्याकाळीं व्यायामशाळेंत जाऊन वजनें उचलतात आणि घरीं येतांच त्या डब्यांतील भुकटी दुधांत ढवळून पितात. डब्याची किंमत ऐकून आजोबा कपाळास हात लावतात. मुलगा कांहीं तरी पोटांत घालतो आहे, एवढ्यावरच आई समाधान मानते. 'आमच्या वेळीं दूध-तुपावर पैलवान होत असत', असें म्हणून आजी वादांत भर घालतात. हा वाद घरोघरीं चालूं असल्यामुळें त्यांतील खरेंखोटें नीट पाहावें असें आम्हांस वाटलें. पाहतां पाहतां आमचें लक्ष मात्र डब्यावरून ढळून वरणाच्या पातेल्याकडे गेलें, त्याचें कारण पुढें येईलच.

वजनांचा व्यायाम आपल्याकडे नवा नाहीं. तालमींतून मुद्गल व दगडी नाल होतेच, आणि बडोद्याच्या मुजुमदारांनीं तर व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड आपल्याच भाषेंत काढले. नवा आहे तो अन्नाचा ग्रॅमवार हिशेब, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

स्नायूंची घडण एकदां झाली म्हणजे संपली असें नसतें. त्यांतील जुनें प्रथिन रोज मोडतें व नवें रोज रचलें जातें. वजन उचललें कीं स्नायूंस ताण पडतो आणि पुढील एक-दोन दिवस हें रचण्याचें काम वेगानें चालतें. त्या वेळीं अन्नांतून पुरेसा माल आला तर स्नायु भरतो. गवंडी आला आणि विटा नाहींत, किंवा विटा आल्या आणि गवंडीच नाहीं, तर भिंत उभी राहत नाहीं, तसाच हा प्रकार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीचें प्रथिन ठरवून दिलें. ज्यांचा आहार मुख्यतः धान्याचा, त्यांनीं तें १ ग्रॅम धरावें. वजनें उचलणारास याहून अधिक लागतें. किती अधिक, याविषयीं २०१८ सालीं एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ४९ प्रयोगांतील अठराशेंहून अधिक माणसांचे आंकडे एकत्र केले होते. दर किलोमागें १.६ ग्रॅमच्या सुमारास लाभ वाढावयाचा थांबतो, असें त्यांत दिसून आलें. साठ किलो वजनाच्या तरुणास हे ९६ ग्रॅम होतात.

त्याच आढाव्यांतील दुसरी गोष्ट मात्र डबे विकणारे सांगत नाहींत. केवळ व्यायामानें, चरबी वगळून, जें वजन वाढलें तें सरासरीनें एक किलोहून थोडें अधिक. जादा प्रथिनांनीं त्यांत घातलेली भर अवघी ३०० ग्रॅमची. तेव्हां वाटा मोठा कोणाचा, हें उघड आहे.

ही भुकटी तरी काय आहे? चीज करतांना दूध फाटून जें पाणी सुटतें, त्यांतील प्रथिन गाळून व वाळवून ती करतात. श्रीखंडासाठीं चक्का टांगला असतां खालीं जें हिरवट पाणी गळतें, त्याच्याच जातीचें हें पाणी. म्हणजे वस्तु दुधाचीच आहे आणि तिला भिण्याचें कारण नाहीं. भिण्याचें कारण आहे तें लेबलाला. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत भारतांत विकल्या जाणाऱ्या ३६ प्रकारच्या भुकट्या तपासल्या, तेव्हां २५ डब्यांत प्रथिनांचें प्रमाण लेबलाशीं जुळलें नाहीं. कांहींत तें निम्म्याहूनही कमी होतें. पदार्थ दुधाचा असला तरी दाम मोजतांना हें ध्यानांत असावें.

आतां ताट पाहूं. सहा पोळ्यांस सुमारें १८० ग्रॅम कणीक लागते, तींत २० ग्रॅम प्रथिनें असतात. १०० ग्रॅम तांदळांत ७, ५० ग्रॅम तुरीच्या डाळींत ११, तितक्याच कोरड्या मटकीच्या उसळींत ११, अर्धा लिटर दुधांत १६ आणि मूठभर शेंगदाण्यांत ७. बेरीज सत्तरीच्या पुढें गेली. ५० ग्रॅम फुटाणे व वाटीभर घट्ट दहीं घातलें कीं ती नव्वदीजवळ येते, आणि उरलेल्यास कणकेंत थोडें सोयाबीनचें पीठ किंवा पनीरचे दोन तुकडे पुरतात. ज्या घरांत अंडें वर्ज्य नाहीं, तेथें एका अंड्याचे ६ ग्रॅम धरावे. बदामांविषयीं आपल्याकडे फार आदर आहे. पण बदामांत प्रथिनें शेंकडा २० च्या आसपास, तर शेंगदाण्यांत शेंकडा २५ असतात. पैलवानांच्या खुराकांत बदामाची थंडाई शोभते खरी, तथापि मध्यम स्थितीच्या गृहस्थास शेंगदाण्यानें कमीपणा येण्याचें कारण नाहीं.

धान्यांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर आहे; डाळींत मेथिओनिन कमी, तें धान्य भरून काढतें. वरणभात, पिठलें-भाकरी, मेतकूट-भात, भाजणीचें थालीपीठ या आपल्या जोड्या त्या दृष्टीनें चांगल्याच बसल्या आहेत. मात्र जोडींत डाळ पुरेशी हवी. कुन्नूर येथें मॅकॅरिसन साहेबांनीं १९२० नंतरच्या दशकांत उंदरांस निरनिराळ्या प्रांतांचे आहार घालून पाहिले. चपाती, डाळ, दूध, लोणी व भाज्या यांच्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत सशक्त निघाले, आणि मद्रासकडील भातप्रधान आहारावरचे सर्वांत दुबळे. हैदराबादची वर सांगितलेली संस्था कुन्नूरच्याच प्रयोगशाळेंतून पुढें वाढली.

तर आतां पातेल्याकडे वळूं. पुष्कळ घरांत आठ माणसांच्या वरणास एक वाटी डाळ लावण्याची चाल आहे. वाटी दीडशें ग्रॅमची धरली तर तींत ३३ ग्रॅम प्रथिनें, म्हणजे माणशीं चार. तींही सारखीं वांटलीं गेलीं तर! घट्ट वरण पहिल्या पंक्तीस वाढलें जातें. दूध मुलांस व व्यायाम करणारास. सर्वांमागून बसणाऱ्या सूनबाईंच्या वाट्यास आमटीचें पाणी आणि उरलेली पोळी येते. आजींचे दांत गेलेले असल्यामुळें त्या मऊ भात व चहांत बुडविलेला टोस्ट यांवर भागवितात. त्यांतच आठवड्याचे उपवास. शंभर ग्रॅम साबुदाण्यांत एक ग्रॅमही प्रथिन नसतें; खिचडींत जें कांहीं आहे तें दाण्याच्या कुटाचें. राजगिऱ्यांत तेंच १३ ग्रॅमच्या वर आहे, पण उपवासाला आधीं आठवतो तो साबुदाणाच.

ज्यास सर्वांत कमी चिंता करावयाची त्याच्यासाठीं घरांत डबा येतो, आणि ज्यांची चिंता करावयाची त्यांचें ताट कोणी मोजत नाहीं, असा हा उलटा व्यवहार आहे. विसाव्या वर्षीं स्नायु थोड्या अन्नावरही वाढतात. चाळिशीनंतर ते हळूहळू झिजूं लागतात, आणि साठीनंतर तीच प्रथिनें पूर्वींइतकें काम करीत नाहींत. म्हणून वृद्धांनीं दर किलोमागें १ ते १.२ ग्रॅम घ्यावें असें तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या आजींस हे ५० ते ६० ग्रॅम होतात. जमिनीवरून उठतांना हात टेकावा लागणें, जिना उतरतांना कठडा न सोडवणें, हीं वयाचीं लक्षणें म्हणून आपण सोडून देतों. पण तीं बहुतांशीं मांड्यांच्या दुर्बळतेचीं लक्षणें आहेत. अशींच माणसें एके दिवशीं न्हाणीघरांत पडतात, खुब्याचें हाड मोडतें, आणि पुढचें वर्ष घरांतील प्रत्येकाचें अंथरुणाभोंवतीं जातें.

याला उपाय आहे. अमेरिकेंतील बोस्टन येथें एका वृद्धाश्रमांतील शंभर दुर्बळ माणसांवर केलेला प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ८७ होतें. कांहींस दहा आठवडे पायांनीं वजनें उचलण्याचा व्यायाम दिला, कांहींस पौष्टिक पेय, कांहींस दोन्ही. व्यायाम करणारांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसतें पेय घेणारांची दुर्बळता होती तशीच राहिली. सत्त्याऐंशीव्या वर्षीं हें होतें, तर पासष्टीच्या आपल्या सासूबाईंविषयीं निराश होण्याचें कारण काय?

कोणी म्हणतील कीं जातें व पाटा-वरवंटा गेले, म्हणून बायकांचा व्यायाम गेला. जातें परत आणावें असें सुचविणारांनीं तें आधीं स्वतः आठवडाभर ओढून पाहावें. त्यापेक्षां सोपी रीति अशी: भिंतीशीं टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसावें आणि हात न लावतां उठावें, दहा वेळां. आठवड्यांतून दोन-तीन दिवस, मध्यें एक दिवस विसांवा. तें सोपें झालें कीं हातांत पाण्यानें भरलेली बाटली घ्यावी, मग दोन घ्याव्या. घोट्यास अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करावा. भार हळूहळू वाढवीत नेणें, हेंच या व्यायामाचें सारें तत्त्व. व्यायामशाळेंतील लोखंडही त्याहून निराळें कांहीं करीत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं मात्र प्रथिनें वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असणारांनीं व्यायामापूर्वीं.

राहिलें पातेलें. आठ माणसांस एकीच्या जागीं तीन वाट्या डाळ लावली तर माणशीं १२ ग्रॅम प्रथिनें होतात. जादा डाळ दिवसास ३०० ग्रॅम, महिन्यास नऊ किलो. तिचा भाव वाण्यास विचारून डब्याच्या किंमतीशेजारीं मांडून पाहावा. मागून जेवणारांचें वरण पहिली पंक्ति बसण्यापूर्वींच काढून ठेवावें. सर्वांनीं एकत्र बसावें हें त्याहूनही बरें. आजींसाठीं तेंच वरण मऊ घोटून, रात्रीं मुगाचें धिरडें, सकाळच्या चहाबरोबर टोस्टाऐवजीं वाटीभर दहीं किंवा घट्ट दूध. इतकें झाल्यावरही चिरंजीवांस डबा हवाच असेल आणि घरास तो झेपत असेल, तर फळीवर राहूं द्यावा. मात्र त्यांतील एक माप रोज आजींच्या दुधांतही पडावें.