पोटातील पायाळू मूल

पायाळू माणसाची लाथ लागली की पाठीत भरलेली उसण जाते, विजा कडाडत असता पायाळूने उघड्यावर थांबू नये, अशा समजुती मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्याविषयीचे हे कौतुक आहे. परंतु दिवस भरत आलेल्या स्त्रीला ‘मूल पायाळू आहे’ असे सांगण्यात येते तेव्हा तिच्या मनात कौतुक नसते, भीती असते. ही भीती योग्य वेळी योग्य माहिती मिळाल्यास पुष्कळ कमी होऊ शकते.

गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चार-पाच मुलांपैकी एकाचे डोके वर आणि नितंब खाली असतात. गर्भजलात तोवर पुरेशी मोकळीक असते. पुढे बहुतेक मुले आपली आपणच वळतात व दिवस भरेपर्यंत शेकडा ३ ते ४ मुलेच पायाळू राहतात. तेव्हा सातव्या महिन्यात काळजी करण्याचे कारण नाही. जुळी मुले, गर्भजलाचे कमीअधिक प्रमाण, खाली बसलेली वार, गर्भाशयातील गाठ किंवा त्याचा वेगळा आकार, ही काही कारणे होत. पुष्कळदा कोणतेही कारण सापडत नाही. आईच्या बसण्याउठण्यात काही चुकले म्हणून मूल असे राहिले, हा दोष मात्र तिला कोणी देऊ नये.

डोके प्रथम आले म्हणजे मुलाचा सर्वांत मोठा व कठीण भाग वाट करून देतो. पायाळू प्रसूतीत अंग आधी येते आणि डोके शेवटी. ते अडकण्याची अथवा नाळ दाबली जाण्याची भीती असते. २६ देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ठरवून केलेली शस्त्रक्रिया बाळाला अधिक सुरक्षित दिसली आणि अनेक देशांत तीच रीत पडली. परंतु गर्भाशयावरील व्रण पुढील बाळंतपणातही विचारात घ्यावा लागतो. म्हणून मूल आधीच वळविता आले तर उत्तमच.

यासाठी डॉक्टर पोटावरून दोन्ही हातांनी मूल हळूहळू फिरवितात. पहिलटकरणीला छत्तिसाव्या आठवड्यापासून, इतरांना सदतिसाव्यापासून हा प्रयत्न करतात. आधी सोनोग्राफीने मुलाची व वारेची जागा पाहतात, हृदयाचे ठोके तपासतात आणि गर्भाशय सैल पडावे म्हणून औषध देतात. असे औषध देऊन दिवस भरत आल्यावर मूल फिरविण्याची पद्धत बर्लिनच्या झालिंग यांनी १९७५ साली मांडली. प्रयत्न काही मिनिटांचाच असतो. पोटावर दाब येतो, दुखतेही. फार दुखू लागल्यास थांबा म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रीचाच. साधारण निम्मे प्रयत्न यशस्वी होतात. पहिल्या खेपेस कमी, पुढच्या खेपांस अधिक. दोनशे प्रयत्नांमागे सुमारे एकदा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जेथे तिची सोय हाताशी आहे, अशाच रुग्णालयात हे करावे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्यास, नुकताच रक्तस्राव झाला असल्यास किंवा पाणमोट फुटली असल्यास मूल फिरवीत नाहीत. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागते.

घरगुती उपायही कानांवर येतात. गुडघे व छाती टेकून नितंब उंच ठेवण्याच्या आसनाने मूल वळते, याला पुरेसा पुरावा नाही. चीनमध्ये दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची पेटती कांडी पायाच्या करंगळीजवळ धरून शेक देतात. २०२३ सालच्या एका आढाव्यात, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून त्याचा बहुधा उपयोग होतो असे आढळले. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. पोट चोळून मूल फिरविणाऱ्या हातांपासून मात्र दूरच राहावे. ठोके न तपासता दिलेल्या जोराने वार सुटून आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

मूल वळले नाही तर शस्त्रक्रिया, किंवा अनुभवी हातांखाली नैसर्गिक प्रसूती, यांतून निवड उरते. ती निवड डॉक्टरांशी बोलून आधीच करून ठेवावी. पायाळू मूल असताना पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण नाळ खाली उतरण्याचा धोका असतो. जन्मानंतर अशा बाळाच्या खुब्याचे सांधेही तपासून घ्यावेत. शेवटी वळलेल्या बाळाचेसुद्धा.

पायाळूपणाचे कौतुक जन्मानंतर खुशाल करावे. त्यापूर्वी, छत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीत प्रत्येक गर्भवतीने एक प्रश्न अवश्य विचारावा: मुलाचे डोके कोठे आहे? उत्तर ‘वर’ असे आले, तरी वेळ अद्याप हातची गेलेली नसते.