पहिले शिवणयंत्र घेताना

वऱ्हाडात कापसाची अखेरची वेचणी आटोपली की शेतकरी भगिनींना थोडी उसंत मिळते. शिवणकाम शिकण्यास हा काळ सोयीचा असतो व यंत्राची खरेदीही पुष्कळदा याच सुमारास होते. परंतु कापसाच्या पैशातून हौसेने घेतलेले यंत्र काही महिन्यांतच कोपऱ्यात धूळ खात पडावे, असेही घडते. अशा वेळी दोष शिकणारीला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा निवडच चुकलेली असते.

हाताचे यंत्र स्वस्त व नेण्याआणण्यास सोपे असते. पण त्यात उजवा हात चाक फिरविण्यात गुंततो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावे लागते. नवशिकीची शिवण वाकडी जाते ती येथेच. पायाच्या यंत्रात दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणून ऐपत असल्यास पहिले यंत्र पायाचेच घ्यावे. पैसे कमी पडल्यास हाताचे घ्यावे, मात्र ते पुढे स्टँडवर बसविता येईल अशी खात्री करून घ्यावी. विजेची, नक्षीचे टाके घालणारी छोटी यंत्रे मोहक दिसतात. पण त्यांचा वेग नवशिकीला आवरत नाही आणि बिघडल्यास गावाजवळ दुरुस्ती होईलच असे नाही.

अकोट, मूर्तिजापूर किंवा दर्यापूर, जो बाजार जवळचा असेल तेथील मिस्त्रीस तो कोणती यंत्रे दुरुस्त करतो हे आधीच विचारावे. सरळ टाक्याच्या साध्या काळ्या यंत्राची रचना पिढ्यानपिढ्या फारशी बदललेली नाही. त्यामुळे त्याची बॉबिन, बॉबिन-केस व सुया सहज मिळतात.

विक्रेता बहुधा कडक, कोऱ्या कापडावर शिवून दाखवितो. त्यावर कोणतेही यंत्र बरे चालते! घरून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा व मांजरपाटाची चौपदरी घडी न्यावी. वर लाल व खाली पांढरा दोरा घालून दोन्हींवर शिवून पाहावे. खालच्या बाजूस लाल दोरा ओढला गेलेला दिसल्यास वरचा दोरा सैल आहे असे समजावे. ताणाचा स्क्रू आवळूनही टाका नीट बसत नसेल, किंवा मऊ कापडावर टाके सुटत असतील, तर ते यंत्र घेऊ नये. जुने यंत्र घेताना चाक हाताने सावकाश फिरवावे. ते कोठे अडू नये व सुईची दांडी डगडगू नये.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मात्र ही योजना आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. केवळ शिकू इच्छिणाऱ्या भगिनींना कार्यकर्त्यांनी हे आधीच सांगावे, म्हणजे त्या साहाय्याच्या भरवशावर कर्ज काढणार नाहीत.

सुती कापडाचा बारीक तंतू यंत्राच्या दातांखाली साचतो. आठवड्यातून एकदा पट्टी काढून तो ब्रशाने झाडावा व सांध्यांवर यंत्राच्या तेलाचे एकेक थेंब सोडावेत. घरातील खाण्याचे तेल मुळीच घालू नये; ते चिकट होऊन चाक जड होते.