रोजचा कोरा कागद

सकाळी दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ किती लांबतो, हे व्यापारी घरातील माणसास सांगावयास नको. भवानी झाली की जीव भांड्यात पडतो. दैनिकातील व्यंगचित्रकाराची अवस्था रोज अशीच असते. शिवाय त्याच्या गोदामात शिलकी माल नसतो. कालचे चित्र कितीही गाजलेले असो, आज ते रद्दीत गेलेले असते. आणि आज राखून ठेवलेली कल्पना उद्या बहुधा शिळी होते.

आर. के. लक्ष्मण यांनी हा व्यवहार ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पन्नासहून अधिक वर्षे सांभाळला. म्हैसूर येथे १९२१ साली जन्मलेल्या या तरुणास मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता. चित्रांत पुरेशी गुणवत्ता नाही, असे कारण देण्यात आले. पुढे त्याच संस्थेत ते प्रमुख पाहुणे म्हणून गेले, ही हकिगत अनेकांनी ऐकली असेल. परंतु एकदाच मिळालेला नकार पचविणे त्यामानाने सोपे. रोज दुपारी समोर पडलेला कोरा कागद अधिक निष्ठुर.

सकाळभर वर्तमानपत्रे चाळायची, एखादी बातमी मनात रुतेपर्यंत थांबायचे, मग कुंचला काळ्या शाईत बुडवायचा. ऐकण्यास हे सुखाचे वाटते. प्रत्यक्षात कल्पना जवळ येते न येते तोच दूरध्वनी खणखणतो. एखादा स्नेही उत्साहाने ‘तयार विनोद’ घेऊन येतो आणि त्याचे मन न दुखावता त्यास निरोप देण्यात अर्धा तास जातो. (असे स्नेही प्रत्येक व्यंगचित्रकाराच्या नशिबी असतात.) मोठ्या कष्टाने एखाद्या मंत्र्याचे नाक नेमके साधावे, तर त्याचे मंत्रिपदच जाते. राजीनाम्यावर चित्र पूर्ण करावे, तर संध्याकाळी राजीनामा मागे घेतला जातो. छपाईची वेळ मात्र टळत नाही.

या घाईनेच एक विलक्षण गोष्ट घडविली. आरंभी लक्ष्मण आपल्या चित्रांत अवघा देश उभा करू पाहत. बंगाली, तमिळ, पंजाबी, नाना वेशांतील माणसे त्यांत दाटीवाटीने असत. प्रत्येकाचा पोशाख आणि चेहरा निराळा; ती काढता काढता घड्याळ पुढे सरके. मग नाइलाजाने एक एक माणूस गळू लागला. शेवटी उरला तो चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि झुपकेदार मिशा असलेला एकच गृहस्थ. हाच ‘कॉमन मॅन’. ‘यू सेड इट’ हे छोटे चित्र १९५१ साली सुरू झाले आणि हा गृहस्थ त्यात एक शब्दही न बोलता सारे पाहत राहिला. त्याची पत्नी मात्र बोलत असे. दोघांपैकी एकाने तरी बोलावे लागतेच! वेळ मुबलक असता तर ती गर्दी कदाचित तशीच राहिली असती, आणि आपल्या घरोघरी ओळखीचा झालेला हा चेहरा आपणांस कधी भेटलाच नसता, असे मला वाटते.

सर्वच अडचणी मात्र अशा फलदायी ठरत नाहीत. १९७५ साली आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा पहारा बसला. चूक दाखविणे हाच ज्याचा धंदा, त्याने काय काढावे? लक्ष्मण स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधींना जाऊन भेटले. त्या काळात व्यंगचित्रे काढणेच सोडावे की काय, इथपर्यंत त्यांचे मन विटले होते. मुदतीशी झगडता येते, स्नेह्याला निरोप देता येतो. चित्रच नको असलेल्या सत्तेपुढे कुंचल्याचे कौशल्य चालत नाही.

२००३ साली पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात वाचला. त्यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला आणि चित्रे काढली. २०१० नंतर प्रकृती आणखी खालावली. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनासाठी त्यांचा देह सिंबायोसिसच्या प्रांगणात ठेवण्यात आला होता. जवळच कॉमन मॅनचा पुतळा उभा होता, नेहमीसारखाच, काही न बोलता.