इन्स्टावर ‘बोहो बॅग’ म्हणून गाजणारं भरतकाम मुळात तांड्यावरच्या बायांचं आहे

लाल-निळं जाड कापड, त्यावर चमकणारे बारीक आरसे, कडेला पांढऱ्या कवड्यांची रांग आणि खाली लोंबणारे लोकरीचे गोंडे. अशी बॅग तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलीच असेल. खाली हॅशटॅग असतात बोहो, जिप्सी, ट्रायबल.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या कुणाला ही बॅग दाखवा. औंढा, सेनगाव, कळमनुरी या भागातला माणूस बघताक्षणी सांगेल, हे तर आपल्या तांड्यावरचं काम आहे. आठवडी बाजारात अंगभर आरसे आणि कवड्या मिरवणारी बंजारा आजी त्यानं लहानपणापासून पाहिलेली असते.

मग याला ‘बोहो’ हे नाव कुठून चिकटलं?

युरोपात भटकं जीवन जगणारा रोमा नावाचा समाज आहे. हे लोक बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागातून आले असावेत, असा फ्रेंचांचा समज होता. म्हणून ते त्यांना ‘बोहेमियन’ म्हणायचे. पुढे पॅरिसमधल्या मनमौजी कलाकारांना हा शब्द लागला आणि त्याचंच छोटं रूप झालं ‘बोहो’. म्हणजे तांड्यावरच्या कामाला सातासमुद्रापारच्या दुसऱ्याच समाजाचं नाव चिकटलंय.

बंजारा भरतकाम म्हणजे नेमकं काय?

रेल्वे यायच्या आधी देशभरात मीठ आणि धान्य पोचवायचं काम बंजारा समाज करायचा. हजारो बैलांचे तांडे दख्खनभर फिरायचे, मुघल फौजांना रसद पुरवायचे. ‘लमाण’ हा शब्दसुद्धा ‘लवण’, म्हणजे मीठ, यावरून आला असं मानलं जातं.

आता विचार करा, ज्यांचं घरच बैलाच्या पाठीवर आहे, त्यांचं सामान कसं असेल? हलकं, घडी घालता येणारं आणि सहज न फाटणारं. या भरतकामामागचं डिझाईन इथून सुरू होतं.

कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून त्यावर दाट धावदोरा घातला जातो. त्यामुळे कापड जाड आणि टिकाऊ होतं. जुन्या कपड्याचे चांगले तुकडे वाया न घालवता ठिगळांसारखे जोडले जातात. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी येते, ती शोभेसाठी आणि कड विरू नये म्हणूनही. फॅशनच्या दुनियेत आज ज्याला ‘अपसायकलिंग’ म्हणतात, ते तांड्यावर आधीपासून चालत आलंय.

प्रत्येक वस्तूला तिचं काम ठरलेलं असतं. ‘फेटिया’ म्हणजे घेरदार घागरा, ‘कांचळी’ म्हणजे पाठीवर बांधायची चोळी. पैसे आणि सुपारी ठेवायला छोटी ‘कोथळी’. डोक्यावर घागर नीट बसावी म्हणून कवड्यांची चुंबळ, तिचं नाव ‘फुलिया’. तिच्यासोबत मागे लोंबणारा भरतकामाचा चौकोन म्हणजे ‘गणो’.

आणि कवड्या? त्या मालदीवच्या समुद्रातून व्यापारामार्गे यायच्या आणि एकेकाळी चलन म्हणून चालायच्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्यातल्या घागऱ्यावर कवडी दिसते, यातच या समाजाच्या व्यापाराची खूण आहे.

मग हे काम कमी का झालं?

पहिला धक्का रेल्वेचा. मालगाड्या आल्या आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, त्याचा फटका बंजारा समाजालाही बसला. भटकणाऱ्या माणसाकडे संशयानं बघायची पद्धत रूढ झाली. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. तोवर समाज गावकुसाबाहेर तांडे करून स्थिरावू लागला होता.

आज मराठवाड्यातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात. भरतकामाला लागतो वेळ आणि उजेड. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईकडे या दोन्ही गोष्टी कमीच. त्यात आरसे, कवड्या आणि दागिन्यांचा पूर्ण पोशाख वजनदार, शेतात त्रासाचा. त्यामुळे तरुण मुलींनी साडी आणि ड्रेस स्वीकारला. पोशाख रोजच्या वापरातून गेला की शिवणारे हातही कमी होतात.

शेजारच्या राज्यात काय झालं?

कर्नाटकातल्या संडूर भागातल्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय मिळालं. बंजारा समाजालाच तिकडे लंबाणी म्हणतात. २०२३ च्या जुलैमध्ये हम्पीला जी-२० ची बैठक झाली, तेव्हा ४५० हून अधिक लंबाणी महिलांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

जीआय ही भानगड हिंगोलीला नवीन नाही, वसमतच्या हळदीला ते मिळालेलं आहे. पण त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. जीआय नावाचं रक्षण करतं. ठरलेल्या भागाबाहेरचा माल त्या नावानं विकता येत नाही. तशीच दिसणारी वस्तू वेगळ्या नावानं विकली, तर मामला अवघड होतो.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण ताजं आहे. तिला २०१९ साली जीआय मिळालं. तरी २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नावही नव्हतं. लोकांनी सोशल मीडियावर आवाज उठवला, तेव्हा कंपनीनं भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. म्हणजे कायद्याइतकंच लोकांना ती वस्तू ओळखता येणंही कामाला आलं.

खरं काम ओळखायचं कसं?

१. बॅग उलटी करा. मशीनच्या कामात मागच्या बाजूला बहुतेक एकाच रंगाचा दोरा आणि एकसारखे टाके दिसतात. हातकामात मागे गाठी, बदलणारे रंग आणि थोडा कमी-जास्तपणा सापडतो.

२. आरसा बघा. हातकामात तो भोवतीनं दोऱ्याच्या टाक्यांनी घट्ट धरलेला असतो. नुसता गोंदानं चिकटवलेला असेल, तर समजून जा.

३. नक्षी मध्येच कापली गेलीय का? फूल अर्धं, चौकोन तुटका आणि त्यावरून शिवण गेली असेल, तर जुना घागरा किंवा चोळी कापून ही बॅग केलेली असू शकते. अशा वेळी ती मूळ वस्तू कुणाची होती, हे विचारायला लाजू नका.

४. विक्रेत्याला थेट विचारा, हे कुणी केलं आणि कुठल्या गावात? बचत गटाकडून माल घेणाऱ्याकडे याचं उत्तर असतं.

मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या महिला स्वतः माल विकतात. आणि हा वारसा नीट बघायचा असेल, तर शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला जा. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालंय.

बॅग घेतलीच, तर फोटो टाकताना ‘बोहो’च्या जागी ‘बंजारा भरतकाम’ लिहा. करणारीचं गाव कळलं असेल, तर तेही लिहा. पुढचा माणूस सर्च करेल, तेव्हा त्याला तांडा सापडायला हवा.